आंदोलोची गिटार

“कुणासाठी हवीय?” दुकानदारानं विचारलं, आणि दोरिका म्हणाली, “मुलासाठी.”

म्हणून झाल्यावर मग ते तिला ऐकू आलं. हॉटेलच्या टेलिफोन बोर्डापाशी बसायचं आणि लोकांचे आवाज इकडून तिकडे जोडून द्यायचे, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्यातलाच एखादा भलता आवाज आज आपल्या तोंडात जोडला गेला, असं तिला क्षणभर वाटलं. खाली नैरोबीच्या रिव्हर रोडवर मतातूवाली पोरं गाडीच्या पत्र्यावर थापा मारून माणसं भरत होती, आणि ती थाप वर दुकानात टांगलेल्या सगळ्या गिटारींच्या पोटात हलकेच घुमत होती. जिना चढताना तिनं वाक्यं घोकली होती. मला एक गिटार हवी आहे, फार महाग नको, बोटांनी वाजवायची आहे. त्यात ‘कुणासाठी’ नव्हतंच. ते कुणी विचारील हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आता समोरचा माणूस, जाडसर, मिशा पिकलेल्या, तिच्याकडे निराळ्या नजरेनं बघायला लागला होता. मघाशी ती गादीवाल्याचं दुकान शोधत चुकून एक मजला वर आलेली कुणी बाई होती, आता ती एका मुलाची आई होती. त्यानं फडक्यानं स्टूल पुसून पुढे सरकवलं. “बसा ना. नाव काय चिरंजीवांचं?”

“आंदोलो.”

हे तिच्या बापाचं नाव. मुलगा झाला असता तर हेच नाव ठेवलं असतं. म्हणजे ते अगदीच खोटं नाही, असं तिनं मनाशी म्हटलं आणि म्हणता म्हणता तिची कानशिलं तापली. दुकानदाराला ते दिसलं नाही. तो म्हणाला, “मी किलोंझो. बघू या, आंदोलोच्या आई, तुमच्या आंदोलोला काय शोभतं ते,” आणि आकड्यानं भिंतीवरची एक गिटार खाली उतरवायला लागला.

आंदोलोच्या आई. त्या दोन शब्दांनी तिच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. ती राहायची त्या उमोजातल्या चाळीत प्रत्येक बाई कुणाची ना कुणाची आई होती. नळावर, दुकानात, जिन्यात सगळीकडे अमक्याची आई, तमक्याची आई. तिला मात्र सगळे ‘हॉटेलातल्या बाई’ म्हणत. आदरानंच म्हणत. त्या आदरामागं बाकीच्या बायका क्षणभर थांबतात, एकमेकींकडे बघत नाहीत, हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. आणि इथं एका परक्या माणसानं फडक्यानं स्टूल पुसता पुसता तिला ते नाव देऊन टाकलं होतं. ते तिनं परत करायला हवं होतं. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाली, “तो दोन बोटांनी वाजवतो. अंगठा आणि ही पहिली.”

किलोंझोचे हात थांबले. “म्हणजे तिकडचा. काकामेगाकडचा. हल्लीची पोरं अशी वाजवत नाहीत. त्यांना पट्टी हातात घेऊन खराखरा ओरबाडायचं असतं. कुणी शिकवलं?”

“आजोबांनी,” दोरिका म्हणाली. यातलं किती खरं आणि किती खोटं हे तिचं तिलाच आता निवडता येईना.

त्यानं पहिल्यांदा दाखवली ती गडद लाल, चकचकीत, मोठ्या पोटाची. त्यानं स्वतःच तिच्यावर हात फिरवून दाखवला. साऱ्या तारा एकदम बोलल्या, आणि लग्नाच्या मांडवात सगळे एकदम बोलतात तेव्हा कुणाचंच काही कळत नाही तसं झालं. अंगठ्यानं वाजवलेली जाड तार वेगळी राहिली पाहिजे, चालत राहिली पाहिजे, आणि पहिल्या बोटाची बारीक तार तिच्या डोक्यावरून बोलली पाहिजे. हे तिला सांगायचं होतं. पण मुलाच्या आईला एवढं कुठून कळावं? ती म्हणाली, “हिच्या तारा फार उंच आहेत हो. त्याची बोटं दुखतील.” किलोंझोनं डोळा बारीक करून दांडीवरून पाहिलं आणि कबूल केलं की आहेत खऱ्या, खालून उंदीर जाईल. मग त्यानं नायलॉनच्या तारांची काढली. ती मऊ होती, पडदे रुंद, बोटांना आरामाची. पण तिचा आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येत होता. आंदोलोला लोखंडी तारा लागतात, असं दोरिकानं सांगितलं. आणि मग कोपऱ्यात, इतरांच्या मागं, तिला ती दिसली. मधाच्या रंगाची, बारीक कमरेची, बिनचकाकीची. भोकापाशी नखांनी झिजून पांढरट झालेला एक पट्टा. मायदेशी परत गेलेल्या एका पाद्र्यानं विकली होती म्हणे. तिची छाती एका अखंड फळीची होती, प्लायवूडची नव्हती. किलोंझोनं एक तार नुसती टोचली, आणि तो आवाज सरळ येऊन दोरिकाच्या पोटाला लागला.

तिनं वाकून बोटाच्या पेरानं त्या फळीवर एकदा टकटक केलं. बाप करायचा तसं. दुकानात तिनं तेवढाच हात लावला.

तिनं किंमत विचारली तर ती लाल गिटारीच्या दुपटीहून वर होती. किलोंझो म्हणाला, शनिवारी त्यालाच घेऊन या, पोराला हातात धरू दे, मग बोलू. दोरिका बरं म्हणाली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत, आणि खालच्या पायरीवर पोचेपर्यंत ते हसू तिला इतकं ओंगळ वाटलं की गादीवाल्याच्या आरशात तिनं स्वतःकडे पाहिलंच नाही.

बापानं तिला शिकवलं ते काकामेगाकडच्या खिसा गावातल्या घराच्या मागं, केळीच्या बागेत. आंदोलो रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा आणि लग्नाकार्यात गिटार वाजवायचा. दांडीवर आडवी पेन्सिल ठेवून ती सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बांधायची आणि सूर चढवायचा, ही त्याची पद्धत. लहान असताना दोरिकाला फक्त फँटाची बाटली मिळायची. तिच्या खाचांवर लोखंडी काडी घासून ठेका धरायचा, एवढंच पोरांचं काम. पण एकदा बाप नसताना तिनं गिटार घेतली आणि त्याची सायकलची चाल, खुमुसालाबाच्या चढावर सायकल पुढं जाईना आणि मालक खाली उतरेना अशी ती गंमतीची चाल, अंगठ्यासकट वाजवली. बाप कुंपणाशी उभा राहून ऐकत होता. तो रागावला नाही. म्हणाला, “तुझ्या भावांच्या हाताला बोटं नाहीत, केळी आहेत. ये इकडे.” त्यानंतर कितीतरी संध्याकाळी. तिचं मनगट धरून नव्हे, नुसतं समोर बसून, त्याचा अंगठा आणि तिचा अंगठा. गिटार मात्र घराच्या पुढच्या बाजूला तिनं कधी धरायची नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. मांडीवर लाकूड घेऊन बसलेली मुलगी बघायला कुणाला आवडत नाही.

लग्न झालं, वर्षं गेली, मूल झालं नाही. किसुमूच्या डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या वेळी नवऱ्यालाही आणा, आणि झाब्लोन कधीच गेला नाही. मग कुठून तरी सासूच्या कानावर गिटारीची गोष्ट गेली. सासू चुलीपाशी, भाजी निवडता निवडता, शेजारणीला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तशी, “जिच्या पोटाला रोज लाकूड टेकलं तिच्या पोटात लाकूडच राहणार.” दोरिका पाण्याची कळशी घेऊन दारातच उभी होती. तिला त्या वाक्याचा राग यायला हवा होता. पण आपलं पोट खरोखरच गिटारीच्या पाठीएवढं सपाट आणि गार आहे असं तिला तिथल्या तिथं जाणवलं, आणि ती जाणीव पुढं कधी गेलीच नाही. नर्स नाही म्हणाली, पुस्तकं नाही म्हणाली, तिची स्वतःची अक्कल नाही म्हणाली. पोट हो म्हणत राहिलं. झाब्लोन आईला काही बोलला नाही, तिलाही काही बोलला नाही. त्यानं दुसरी केली, तिला पोरं झाली, आणि दोरिका नैरोबीला आली. पण त्या सगळ्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. ते वाक्य फिरत फिरत बापापर्यंत पोचलं होतं. नंतर तो तिला भेटायला यायचा तो हात हलवत, गिटार घरी ठेवून. ती माहेरी गेली की गिटार खुंटीवरून नाहीशी झालेली असायची. त्यानं कधी विचारलं नाही, कधी बोलला नाही. लेकीची कूस आपणच मारली असं त्याला वाटत होतं का? तिनंही कधी विचारलं नाही. तो गेला, भावानं गिटार कुणाला तरी देऊन टाकली, आणि ते न विचारलेलं तिच्यापाशी राहिलं.

आता या वयात, पाळी जाऊन काळ लोटल्यावर, एका सकाळी बोर्डापाशी बसल्या बसल्या आपला उजवा अंगठा टेबलाच्या कडेवर सायकलच्या चालीत चालतो आहे हे तिनं पाहिलं. आता कुणाचं काय बिघडणार आहे? असं म्हणूनच तर ती तो जिना चढली होती.

शनिवारी ती एकटीच गेली. आंदोलो शाळेच्या वसतिगृहात आहे, परीक्षा आहे, असं सांगितलं. पुढं पुन्हा गेली तेव्हा त्याला ताप होता. किलोंझो कधी कंटाळला नाही. मधाच्या रंगाची ती गिटार त्यानं मागं सरकवून ठेवली होती, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. तो विचारी, हात केवढा आहे पोराचा, आणि दोरिका स्वतःचा हात पसरून म्हणे, माझ्याएवढाच, बोटं जरा बारीक. मग दांडी याला रुंद होणार नाही, तो म्हणे. पातळ तारा लावून देतो, तारांखालची घोडी जरा घासून देतो, म्हणजे बोटाला जोर पडायचा नाही. असं बोलता बोलता मुलगा वाढत गेला. तो लाजरा झाला, त्याला अंडी आवडेनाशी झाली, त्याच्या डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण आली. बोर्डावर दिवे लुकलुकत असताना दोरिका त्याचा विचार करत बसायची, आणि एखादा पाहुणा दोनदा हॅलो म्हणेपर्यंत तिला भान नसायचं. लाज वाटायची ती नंतर, घरी जाताना. खोटं बोलल्याची नव्हे. त्या दुकानात स्टुलावर बसलेली असताना आपण किती सुखात असतो, त्याची.

शेवटी तिनं ठरवलं की पुरे. पगार झाला होता, आणि तरी ती मधाच्या रंगाची परवडणारी नव्हती, म्हणून लालच घ्यायची, खरं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. ती वर गेली, स्टुलावर बसली नाही. किलोंझोनं नेहमीसारखं विचारलं, “आज तरी आणलं का आंदोलोला?”

“आंदोलो नाही,” दोरिका म्हणाली. “किलोंझो, तो नाहीच.”

तिला पुढं बोलायचं होतं. तो कधी नव्हताच, मी वेडी बाई आहे, गिटार मला हवी आहे. पण ते पहिले शब्दच इतके जड निघाले की तिचा आवाज फाटला, आणि तेवढ्या वेळात किलोंझोचा चेहरा बदलला. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. अगदी हळू विचारलं, “कधी?”

इथं, या एका शब्दाशी, सगळं सावरता आलं असतं. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कुठून आलं हे तिला कळेना. ती ते थांबवू शकली नाही. किलोंझोनं मागच्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली. म्विकाली दुपारचा डबा घेऊन रोज यायची. भांडी घासत असावी, ओल्या हातांनीच बाहेर आली. नवऱ्यानं दोन शब्द सांगितले, तिनं काहीच विचारलं नाही. तिनं दोरिकाला दंडाला धरून आत नेलं, ढोलाच्या खोक्यावर बसवलं, आणि शेजारी बसून तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. त्या खांद्याला साबणाचा आणि शिजलेल्या घेवड्याचा वास होता. बराच वेळ ती नुसती डुलत राहिली. मग नवरा ऐकत नाही ना ते बघून, डोळे पुसत, पुटपुटल्यासारखं, समोरच्या भिंतीला सांगावं तसं सांगायला लागली. सगळे मला किथेकाची आई म्हणतात, पण मी आधी कवाताची आई होते. कवाता पहिली. ताप आला, मी तिला पाठीला बांधून माचाकोसच्या दवाखान्याकडे निघाले, वाटभर तिच्याशी बोलत होते, बघ शेळ्या, बघ ती गाडी. ती केव्हाच गेली होती. मला कळलं होतं. मधे ओढ्यापाशीच कळलं होतं, तरी मी बोलत राहिले. “याला अजून वाटतं ती दवाखान्यात पोचल्यावर गेली,” म्विकाली म्हणाली. “कुणाला सांगितलं नव्हतं मी. तुला सांगते. तुला कळेल.”

दोरिका त्या खांद्यावर तशीच राहिली. तिचं रडणं केव्हाच थांबलं होतं. आता ती रडण्यासारखा श्वास घेत होती.

ती बाहेर आली तेव्हा किलोंझोनं मधाच्या रंगाची गिटार जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. तिनं लाल गिटारीसाठी आणलेले पैसे पुढं केले, तर त्यातलेही निम्मे त्यानं परत तिच्या पर्समध्ये कोंबले. म्हणाला, “त्याची होती ती. तुमच्या घरात राहू दे.” आणि ती घेऊन ती जिना उतरली. पाठीवर, चादरीत बांधून. रस्त्यावरून जाताना पाठीवरचा भार मुलासारखा लागत होता, आणि हा विचार मनात येताच तिनं ती पाठीवरून काढून हातात धरली, आणि बसस्टॉपपर्यंत तशीच, अंगापासून लांब, चोरीचा माल धरावा तशी नेली.

गिटार मात्र चांगली निघाली. तिला निदान वाईट निघायचा तरी चांगुलपणा असायला हवा होता, असं दोरिकाला वाटे. पातळ तारा, घोडी नीट घासलेली, अंगठ्याची तार खर्जात चालत राहायची आणि वरची बारीक तार तिच्यात न मिसळता बोलायची. दार लावून, तारांखाली ओढणीचं टोक सारून ती दबक्या आवाजात वाजवायची. इतक्या वर्षांनी बोटांची पेरं मऊ पडली होती, ती आधी लाल झाली, मग सोलली, मग कडक झाली. हाताला सगळं आठवत होतं. वाजवताना गिटारीची पाठ पोटाला टेकायची, आणि ते पोट आता काही म्हणत नव्हतं. म्हणत होता तो आंदोलो. तिनं घडवलेला, लाजरा, भुवईवर खूण असलेला मुलगा. तो त्या दुकानात मेला होता, तिनंच त्याला मारला होता, आणि त्याचं दुःख तिला खरोखर होत होतं. आपण जिला जन्मच दिला नाही अशा गोष्टीचं सुतक पाळतो आहोत, आणि तिच्या मरणाचा फायदाही घेतला आहे. हे कुणाला सांगणार? एका रविवारी दुपारी ओढणी निसटली आणि आवाज मोकळा झाला. शेजारच्या वांजिरूनं दार वाजवलं. कौतुकानं विचारायला लागली, हॉटेलातल्या बाई, कुठलं स्टेशन लावलंय, आमच्या गावाकडं असं वाजवायचे. “रेडिओ आहे,” दोरिका म्हणाली, “आताच बंद झालं ते.” हेही तितक्याच सहज आलं. दार लावून ती पलंगावर बसली आणि आपल्या तोंडाची तिला भीती वाटली.

तरीही ती पुन्हा दुकानात गेली नसती. पोस्टासमोर किलोंझो भेटला म्हणून जावं लागलं. तो टोपी काढून थांबला, आणि त्यानं सांगितलं की म्विकाली दर रविवारी आंदोलोचं नाव चर्चमध्ये देते, बायकांच्या मंडळात सगळ्या मिळून प्रार्थना करतात. आता त्याच्यासाठी म्हणून एक खास प्रार्थना ठेवली आहे, तुम्ही यायलाच हवं. म्विकाली स्वतः स्वयंपाक करणार आहे. दोरिका हो म्हणाली की नाही म्हणाली ते तिला नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून ती गिटार घेऊन त्या जिन्यानं वर गेली. दुकानात गिऱ्हाईक कुणी नव्हतं. या वेळी तिनं थांबायला वेळच ठेवला नाही. दारातूनच सांगून टाकलं. मला मुलगा नाही, कधीच नव्हता, मला मूल झालं नाही, गिटार मला हवी होती, लाजेनं खोटं बोलले, नंतर तुम्ही गैरसमज केलात आणि मी तो होऊ दिला. किलोंझोनं सगळं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कणव होती. तो म्हणाला, “बसा, आंदोलोच्या आई. असं होतं माणसाला. माझी मावशीही म्हणायची, मला मुलगा नव्हताच म्हणून.”

त्याला खरं वाटत नव्हतं. मग तिनं चादर सोडली, स्टुलावर बसली, गिटार मांडीवर घेतली. पुढच्या खोलीत, उघड्या दारासमोर, जिन्यावरून येणाऱ्या कुणालाही दिसेल अशी. आणि सायकलची चाल सुरू केली. अंगठा चढावर चालायला लागला. पहिलं बोट घंटी वाजवत वरून गेलं. किलोंझो आधी तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, मग त्याची नजर खाली, तिच्या हातावर आली आणि तिथंच राहिली. इतकी वर्षं त्यानं हातच पाहिले होते. गिटार नेल्यापासूनच्या चार आठवड्यांत कुणा आईला असा अंगठा येत नाही. ती थांबली तेव्हा त्यानं लाल गिटार उगाच भिंतीवर सरळ केली, मग पुन्हा वाकडी झाली ती पुन्हा सरळ केली.

“पैसे मी पुरे आणलेत, उसने काढून,” दोरिका म्हणाली.

“पैशाचं राहू द्या. म्विकालीला काय सांगू मी?” तो म्हणाला. आणि मग, तिच्याकडे न बघता, “मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. येईलच ती.”

म्विकाली डबा घेऊन आली. दोरिकाला बघून तिचं तोंड उजळलं, ते बघणं सगळ्यात कठीण होतं. मांडीवरची गिटार पाहून तिला वाटलं असावं की आई मुलाची वस्तू जवळ घेऊन बसली आहे. तिनं नवऱ्याला चहा आणायला खाली पिटाळलं, तोही लगेच गेला. ती डब्याचं झाकण उघडून आपल्या वाटणीची मक्याच्या दाण्यांची मुथोकोई दोरिकासाठी झाकणात काढायला लागली. “आधी खा. तुझी तब्येत बघ काय झालीय.”

“माझं नाव दोरिका,” दोरिका म्हणाली, आणि मग बाकीचं सांगितलं. सासूचं लाकडाचं वाक्यही सांगितलं, जे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. पण सांगताना तिला कळत होतं की हे देऊन कवाताचं ते फिटत नाही.

म्विकालीचा चमचा झाकणावर तसाच राहिला. खाली कुणीतरी गाडीच्या पत्र्यावर थापा मारत होतं. ती म्हणाली, “मग कवाताचं मी कुणाला सांगितलं?”

“मला.”

“तू कोण?”

दोरिका म्हणाली, “मी ते कुणाला बोलणार नाही.”

“ते नाही विचारलं मी.” म्विकालीनं झाकणातले दाणे परत डब्यात ओतले, एकेक सांडू न देता, आणि झाकण लावलं. मग ती भिंतीकडे वळून बसली. पाठ दोरिकाकडे. “बायकांना रविवारी काय सांगायचं ते माझं मी बघेन. तू येऊ नको.” दोरिका उठायला लागली. गिटार स्टुलावर ठेवून जायचं असं तिनं आता ठरवलं होतं. तेवढ्यात म्विकाली भिंतीकडे बघतच म्हणाली, “वाजवतेस ना खरंच? की तेही?”

“वाजवते.”

“मग वाजव. मी कशासाठी रडले ते कळू दे.”

दोरिका पुन्हा बसली. तिनं बापाची चाल सुरू केली, गंमतीची नव्हे, दुसरी. माणसं पांगल्यावर तो एकटाच वाजवायचा ती संथ. म्विकालीची पाठ हलत नव्हती. किलोंझो चहाचे पेले घेऊन जिन्यात येऊन उभा राहिला, आत आला नाही. चाल मध्यावर आली, जिथं अंगठ्यानं खाली उतरायचं आणि बोटानं त्याच वेळी वर जायचं, तिथं तिचा अंगठा अडखळला आणि भलत्याच तारेवर पडला. तिनं ते तसंच रेटून पुढं नेलं, कुणाला कळणार नाही असं. चाल संपली.

“मधे चुकलीस,” म्विकाली म्हणाली.

“हो.”

“परत घे.”